वॉरंटी संपली आणि मग दोष निघाला: नाशिककरांसाठी धागा

सातपूरकर (धागाकर्ता)

"वॉरंटी संपून चार महिने झाले आणि अमुक पार्ट गेला, सर्व्हिस सेंटर पूर्ण बिल लावतंय, काही करता येईल का?" हा प्रश्न या विभागात वेगवेगळ्या गाड्यांच्या नावाने सारखा येतो. उत्तरं मात्र पन्नास धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून एका जागी आणू. वर्कशॉपचं किंवा कायद्याचं काम ज्यांना ठाऊक आहे त्यांनी भर घालावी. "मलाही असाच अनुभव" छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर टाका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वॉरंटीच्या तारखेवर भांडाल तर हराल, कारण तारीख त्यांच्या बाजूने आहे. दोष कधीपासून होता आणि तो कुठल्या कागदावर नोंदलेला आहे, यावर बोलायचं. त्यामुळे पाना लागायच्या आधी या गोष्टी तपासा.

वॉरंटी नक्की कधी सुरू झाली ते बघा. बहुतेक पुस्तिकांत ती पहिल्या मालकाला गाडी दिल्याच्या तारखेपासून मोजतात, आरटीओ पासिंगच्या नाही. डीलरच्या सिस्टिममध्ये विक्रीची तारीख प्रत्यक्ष डिलिव्हरीच्या आधीची पडलेली असू शकते. इन्व्हॉइस, गेटपास आणि डिलिव्हरी नोट काढून ताडून पाहा. पाच-दहा दिवसांनी वॉरंटी हुकली असेल तर इथेच काम होतं.

जुनी जॉबकार्डं (वर्कशॉपमध्ये तक्रार आणि काम नोंदतात ते कागद) चाळा. वॉरंटी चालू असताना "स्पीडब्रेकरवर समोरून खडखड" किंवा "एसी कमी" असं लिहून दिलेलं असेल आणि पुढे "तपासले, ठीक आहे" असा शेरा असेल, तर तो शेराच तुमचा पुरावा. तक्रार मुदतीत केली होती, दोष तेव्हा काढला नाही, असं म्हणता येतं. कागद हरवले असतील तर चेसिस नंबरवर सर्व्हिस हिस्टरीची प्रत मागा. ती कंपनीच्या सामाईक सिस्टिममध्ये असते; गाडी पुण्याला किंवा ठाण्याला सर्व्हिस केली असली तरी अंबडच्या किंवा पाथर्डी फाट्याच्या डीलरला दिसते.

तिसरं म्हणजे रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने स्वतः गाड्या परत बोलावणं. कंपनीच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी चेसिस नंबर टाकून बघा. रिकॉलच्या कामाला वॉरंटी लागत नाही. मारुतीने सप्टेंबर २०२१मध्ये मोटर जनरेटर युनिटसाठी १,८१,७५४ गाड्या बोलावल्या, त्यात मे २०१८पासून बनलेल्या गाड्या होत्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांची मूळ दोन वर्षांची वॉरंटी तोवर उलटली होती.

शिवाय एक न गाजणारा प्रकार असतो, सर्व्हिस कॅम्पेन. ठरावीक चेसिस नंबरांसाठी कंपनी एखाद्या पार्टची वॉरंटी गुपचूप वाढवते. वर्तमानपत्रात येत नाही, विचारल्याशिवाय कुणी सांगतही नाही. म्हणून नेमकं असं विचारा: "या चेसिस नंबरवर कुठलं कॅम्पेन किंवा एखाद्या पार्टची वाढीव वॉरंटी दिसते का?"

---

जॉबकार्ड

+१. आता गुडविलबद्दल, कारण प्रत्यक्षात बहुतेकांचं काम तिथेच होतं.

गुडविल म्हणजे वॉरंटीबाहेर कंपनीने स्वखुशीने उचललेला खर्च. हक्क नाही, पण मागितल्याशिवाय मिळतही नाही. सर्व्हिस ॲडव्हायझरच्या हातात यातलं काहीच नसतं, त्यामुळे काउंटरवर आवाज चढवून उपयोग शून्य. वर्कशॉप मॅनेजर शिफारस करतो आणि निर्णय कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर घेतो. तो नाशिकला ठरावीक दिवशी येतो. तो दिवस विचारून घ्या आणि त्या दिवशी गाडी वर्कशॉपमध्येच असेल असं बघा.

तो चार गोष्टी बघतो. मुदत उलटून किती महिने आणि किती किमी झाले, सगळ्या पेड सर्व्हिस अधिकृत केंद्रात झाल्या का, पार्ट झिजणाऱ्यांपैकी आहे का, आणि गाडीला बाहेरचं वायरिंग किंवा सीएनजी किट बसवलंय का. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बुश यांच्यावर गुडविल मागून स्वतःची पत घालवू नका. मुदतीनंतर सहा महिन्यांच्या आत, हिस्टरी पूर्ण आणि पार्ट आतला सीलबंद, म्हणजे एसीची कॉइल, स्टिअरिंग कॉलम, इन्स्ट्रुमेंट क्लस्टर, एबीएस मॉड्युल, असं असेल तर मागणी वजनदार ठरते.

"फुकट करून द्या" हे पहिलं वाक्य नसावं. "पार्ट कंपनीचा, मजुरी माझी" इथून सुरुवात करा. निम्मे-निम्मे यावरही पुष्कळ प्रकरणं मिटतात.

सगळ्यात महत्त्वाचं, मंजुरी कामाआधी लागते. बिल भरलं, गेटपास फाटला, की जॉबकार्ड बंद होतं आणि त्यावर मागाहून क्लेम उठवता येत नाही. "आधी करून घ्या, मग कंपनीकडून पैसे परत मिळवून देतो" असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. देणार नाहीत.

ईमेल कंपनीच्या ग्राहक विभागाला, प्रत डीलरच्या वर्कशॉप मॅनेजरला. मजकूर इतकाच पुरतो:

"गाडी क्रमांक, चेसिस नंबर, विक्रीची तारीख, आजचे किमी. दिनांक अमुकच्या जॉबकार्ड क्रमांक अमुकनुसार तमुक पार्ट सदोष असल्याचे आपल्या अधिकृत केंद्राने कळवले आहे. हा पार्ट नियमित झिजणाऱ्या भागांत मोडत नाही. गाडीवर अपघात, पाणी शिरणे किंवा बाहेरील फेरफार झालेला नाही. सर्व सर्व्हिस अधिकृत केंद्रात वेळेवर झाल्या आहेत, हिस्टरी सोबत जोडली आहे. पार्ट बदलण्याचा खर्च कंपनीने सोसावा अशी विनंती आहे. नकार असल्यास त्याचे तांत्रिक कारण लेखी कळवावे. तोपर्यंत सदोष पार्ट गाडीवर तसाच ठेवला आहे."

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. "वॉरंटी संपली" हे तांत्रिक कारण नव्हे, आणि ही गोष्ट पुढे कायद्याची पायरी आली तर कामाची आहे; त्यावर विधिज्ञाताई लिहितील.

---

तिसरा_गिअर

छान धागा. एक प्रत्यक्ष प्रश्न. लहान हॅचबॅक, ३ वर्षं ५ महिने, ४४ हजार किमी. गॅस भरला की एसी दीड-दोन महिने गार करतो, मग पुन्हा कोमट. सर्व्हिस सेंटर म्हणतं कूलिंग कॉइल गेली, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. मूळ वॉरंटी तीन वर्षांची होती. यात मागण्यासारखं काही आहे का, आणि कॉइलच गेली हे कसं ओळखायचं?

---

थंडोबा

मागण्यासारखं आहे, पण कॉइलच गळते हे आधी सिद्ध करा. "गॅस टिकत नाही म्हणजे कॉइल" हा अंदाज आहे, तपासणी नाही. कॉइलच्या नावाखाली डॅशबोर्ड उतरतात आणि गळती दोनशे रुपयांच्या व्हॉल्व्ह कोअरमध्ये निघते.

आधी एक भेद. डाव्या बाजूचं कार्पेट ओलं होत असेल तर तो गॅसचा नाही, पाण्याचा प्रश्न आहे. कॉइलखालची ड्रेन नळी पानं-मातीने तुंबते. नळी साफ केली की संपलं.

गॅस किती उरलाय ते वजनाने मोजा. रिकव्हरी मशीन लावून काढलेला गॅस ग्रॅममध्ये येतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर भरायचं वजन लिहिलेलं असतं. लहान गाडीत ते साधारण ३५० ते ४५० ग्रॅम. स्टिकर ४०० आणि निघाले २३०, म्हणजे १७० गेले. हा आकडा जॉबकार्डवर घ्या. नुसता गेज लावून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला आर-१३४ए (एसीतला गॅस) दोन्ही गेजवर साधारण ९५ ते १०० पीएसआय दाखवतो, आत चारशे ग्रॅम असो की दोनशे. द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर दाब हलत नाही, फक्त तापमानाने बदलतो.

मग नायट्रोजन भरा, सुमारे १५० पीएसआय, आणि किमान अर्धा तास धरून ठेवा. साबणाचं पाणी या क्रमाने लावा: दोन्ही सर्व्हिस पोर्टचे व्हॉल्व्ह, कंडेन्सरचे सांधे आणि पुढचा भाग, होज जिथे धातूला दाबलेत ती जागा, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील. इथे बुडबुडे नाहीत आणि तरी दाब उतरतोय, तर संशय कॉइलवर. कॉम्प्रेस्ड हवा भरू देऊ नका, ओलावा आत जातो.

कॉइल पक्की करायला दोन मार्ग. गॅस आत असताना ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून ड्रेन नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरा. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचून नळीतून उतरतो. किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारी झडप) खोलून काढा, कॉइलची दोन्ही तोंडं बुचांनी बंद करा आणि एकट्या कॉइलवर दाब धरा. दुसरा मार्ग वेळखाऊ, पण त्यापुढे वाद उरत नाही. गेजचा सुरुवातीचा आणि शेवटचा फोटो काढा, फोटोत घड्याळ येऊ द्या.

आता क्लेमचं गणित. कंडेन्सरवर खडीचा टोला दिसला तर विसरा, तो रस्त्याचा मार. कॉइल मात्र पेटीत बंद असते, तिला दगड लागत नाही. ती ॲल्युमिनियमला बारीक छिद्रं पडून किंवा कारखान्यातल्या ब्रेझिंगच्या सांध्यात गळते. सांध्यातली गळती म्हणजे उत्पादनातला दोष, मागणी भक्कम. छिद्रं पडली तर कंपनी "बाहेरचं गंजणं" म्हणेल. त्यावर उत्तर असं की केबिन फिल्टर वेळेवर बदललेला आहे, बिलं ही घ्या. म्हणून फिल्टरची बिलं जपा.

आणि लीक सीलर कधीही टाकू नका. भोक बुजेल न बुजेल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नक्की चोंदेल. शिवाय सिस्टिममध्ये परका पदार्थ सापडला की क्लेम तिथेच मेला.

काम मंजूर झालं की एवढं बघा:

बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय डॅशबोर्डला हात लागता कामा नये, एअरबॅगचे कनेक्टर तिथे आहेत. नंतर एअरबॅगचा दिवा पेटला तर बहुतेक वेळा कनेक्टर नीट बसलेला नसतो किंवा स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग फिरवून बसवलेली असते.

कॉइलबरोबर सगळ्या ओ-रिंग नव्या, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवा, आणि ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) नवा. पुष्कळ गाड्यांत ड्रायरची पिशवी कंडेन्सरच्या नळकांड्यात असते, ती वेगळी मिळते का विचारा. नवी कॉइल बसली की ठरलेल्या ग्रेडचं तेल साधारण ३० ते ५० मिली टाकावं लागतं. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. तेल विसरलं तर कॉम्प्रेसर वर्षभरात रडतो.

व्हॅक्युम किमान अर्धा तास, नंतर पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा स्थिर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे पूर्ण व्हॅक्युमलाही गेज २८ इंचांच्या आसपासच थांबतो. मुंबईच्या व्हिडिओत २९-३० दाखवतात म्हणून इथल्या मेकॅनिकशी भांडू नका.

शेवटी गॅस वजनाने. "गार लागेपर्यंत" भरलेला गॅस म्हणजे कॉम्प्रेसरवर अन्याय.

---

पंचवटी_एक्सप्रेस

थंडोबा, नाव सार्थ केलंत.

एक शंका. द्वारका-सारडा सर्कलकडे बाहेरच्या गॅरेजात तपासणी करून घेतली तर सर्व्हिस सेंटर "बाहेर हात लागला" म्हणून गुडविल नाकारतं. मग तपासायचं कुठे?

---

जॉबकार्ड

मोजमाप आणि उघडणं यात फरक आहे. स्कॅनर लावणं, व्होल्टेज मोजणं, गेज लावणं बाहेर करा, खुशाल. बोल्ट सोडायचं काम मात्र निर्णय येईपर्यंत बाहेर करू नका. पार्टवर कारखान्याचा रंगखुणेचा ठिपका असतो, तो तुटला की कंपनीचा माणूस पहिलं बोट तिथेच ठेवतो.

तत्त्वाचं म्हणाल तर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, केवळ स्वतंत्र गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये असं म्हटलं. चुकीच्या दुरुस्तीने जे बिघडलं तेवढ्यापुरतं नाकारता येतं. पण गुडविल ही मर्जीची गोष्ट असल्याने तिथे तत्त्व फार चालत नाही. सबब, निर्णय लागेपर्यंत सांभाळून.

---

मल्टीमीटर

पॉवर स्टिअरिंगच्या दिव्याबद्दल लिहितो, कारण यात सर्वांत महागडी चूक होते. दिवा पेटला, स्टिअरिंग जड झालं, की "पूर्ण कॉलम बदला" असं एस्टिमेट येतं. थांबा.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जागेवर वळवताना बॅटरीतून जबर करंट ओढतं, पन्नास अँपिअरच्या वर सहज. बॅटरी थकली की पहिली बोंब हेच मॉड्युल मारतं.

क्रम असा. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ असेल तर निम्मी रिकामी. सेल मारताना ९.६च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५, स्मार्ट चार्जिंगच्या गाडीत हा आकडा वरखाली होतो, त्यामुळे हेडलाइट आणि ब्लोअर लावून पाहा. मग अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून मॉड्युलच्या अर्थिंगच्या बोल्टपर्यंत, स्टिअरिंग वळवत असताना, व्होल्टेज ड्रॉप ०.२च्या आत हवा. जास्त असेल तर बोल्ट खरवडून घट्ट करा. कॉलम वाचला.

त्यानंतर स्कॅन. चारशे-पाचशेचा ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर) बहुधा फक्त इंजिनचे दोष-कोड वाचतो. स्टिअरिंग, एबीएस आणि एअरबॅगसाठी पूर्ण स्कॅनर लागतो. यू मालिकेचे कोड म्हणजे मॉड्युलांचा आपसातला संवाद तुटला, तिथे वायरिंग किंवा व्होल्टेज बघा. सी मालिकेत टॉर्क सेन्सरचा कोड पुन्हापुन्हा येत असेल, बॅटरी नि अर्थिंग चोख असूनही, तर दोष कॉलममध्ये. हा झिजणारा पार्ट नव्हे, गुडविल मागा.

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमची (कोड आला त्या क्षणाच्या नोंदींची) प्रिंट घ्या. काही गाड्यांत कोड पहिल्यांदा किती किमीवर आला तेही साठवलेलं असतं. तो आकडा वॉरंटीच्या मर्यादेच्या आतला निघाला तर यापेक्षा मोठा पुरावा नाही. कोड पुसला, पुरावा गेला. वर्कशॉपमध्ये गाडी घेताच पहिलं काम "कोड क्लिअर" करतात, म्हणून जॉबकार्डवर हाताने लिहून द्या: "कोडची प्रिंट दिल्याशिवाय पुसू नये."

दिवा नाही, फक्त बारीक खड्ड्यांवर टकटक: बऱ्याच मॉडेलांत ते मोटरच्या आतलं छोटं रबरी कपलिंग असतं. कंपनी सुटं देत नाही, असेंब्लीच देते. इथे निम्मे-निम्मे मागणं व्यवहार्य आहे.

उंदरांनी वायर कुरतडली असेल तर कंपनीकडे जाऊ नका, पावसाळ्यात हे होतंच. विमा पॉलिसी काढून बघा.

---

नाशिकरोड_४२२१०१

रंगाचं काय? छतावरचं वरचं पारदर्शक कोटिंग पापुद्र्यासारखं निघतंय. आणि डिझेल गाडीचा इंजेक्टर?

---

सातपूरकर (धागाकर्ता)

रंग: पॅनेलला पुन्हा रंग लागलाय का ते आधी जाडीच्या मीटरने मोजा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, दुप्पट निघाला तर आधी कुणीतरी रंगवलंय आणि कंपनीशी संबंध संपला. मूळ रंग असेल तर फोटो उन्हात, तिरप्या कोनातून. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक यांचे डाग वेगळे दिसतात, त्यावर मिळत नाही.

इंजेक्टर: रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालवायचं. एकात बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल आलं तर तो गळतो. चारही सारखे असतील तर इंजेक्टर सोडून इतरत्र बघा. नवा बसवल्यावर त्याच्यावरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या संगणकात) भरायचा असतो, नाहीतर आयडल खडबडीत राहतं. फिल्टरमध्ये पाणी निघालं तर कंपनी इंधनाकडे बोट दाखवते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा ते बरोबर असतं.

टायर आणि बारा व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाची, गाडीच्या कंपनीची नव्हे. ईव्हीच्या मुख्य बॅटरीची वेगळी, बहुतेक कंपन्यांत ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी. गाडीची वॉरंटी संपली म्हणून ती संपत नाही.

---

विधिज्ञा

गुडविल लेखी नाकारलं गेल्यावरचा भाग.

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तक्रार कंपनीच्या नोडल विभागाकडे जाते आणि क्रमांक मिळतो. खर्च नाही. पुष्कळ कंपन्या या टप्प्यावर नरमतात, पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही.

दुसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला, प्रकरण नाशिकला चालतं. मोबदला, म्हणजे तुम्ही दिलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी दाव्याच्या रकमेवर नाही, दिलेल्या मोबदल्यावर: ५ लाखांपर्यंत शून्य, ५ ते १० लाख २०० रुपये, १० ते २० लाख ४०० रुपये, २० ते ५० लाख १००० रुपये. ऑनलाइन दाखल करण्यासाठी १ जानेवारी २०२५पासून ई-जागृती हे पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही.

मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. इथे लोक फसतात. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं.

आता मांडणी. कायद्यात "उत्पादन दायित्व" असं स्वतंत्र प्रकरण आहे, ते बघून लोक खूश होतात. दुरुस्तीच्या खर्चासाठी ते उपयोगी नाही, कारण त्यातल्या "हानी"च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूला झालेली हानी वगळली आहे. आपला आधार "दोष" आणि "सेवेतील त्रुटी" या व्याख्यांचा. वॉरंटीत नोंदलेली तक्रार न निवारणं ही सेवेतील त्रुटी, आणि मुळात सदोष पार्ट बसवणं हा दोष. दोन्ही मुद्दे वेगवेगळे लिहा.

डीलर आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले करा. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्स विरुद्ध अंतोनियो पाउलो वाझ या प्रकरणात म्हटलं, की त्यांच्यातलं नातं "प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल" असेल, म्हणजे डीलर उत्पादकाचा एजंट नसून स्वतंत्र व्यावसायिक असेल, तर उत्पादकाला माहीत नसलेल्या डीलरच्या कृत्यासाठी तो आपोआप जबाबदार ठरत नाही. एकालाच ओढलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार.

"नवी गाडी द्या" ही मागणी टाळा. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६च्या निकालात वॉरंटीची अट पार्ट बदलण्यापुरती असेल तर गाडी बदलून देण्याचा आदेश टिकला नाही. पार्ट आणि मजुरीचा खर्च, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च, एवढंच मागा. माफक मागणीला आयोगही गांभीर्याने घेतो.

---

तिसरा_गिअर

ताई, तज्ज्ञाचा अहवाल लागतोच का? आणि व्हॉट्सॲपवर ॲडव्हायझरने "कॉइल लीक आहे" असं लिहिलंय, ते चालेल?

---

विधिज्ञा

उत्पादन-दोष म्हणणार असाल तर अहवाल असलेला बरा. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याची फी तक्रारदाराने आधी भरायची. तसं झालं तर निकालाचं उद्दिष्ट तीन महिन्यांऐवजी पाच महिन्यांचं होतं. प्रत्यक्षात दोन्ही लांबतात, हे गृहीत धरा. व्यवहारात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या ऑटोमोबाईल विभागातल्या प्राध्यापकांचा किंवा परवानाधारक सर्व्हेयरचा अहवाल शपथपत्रासह जोडतात. अहवालात नुसतं "सदोष" नको; थंडोबांनी सांगितलेले दाबाचे आकडे, वेळ, पद्धत हवी.

मात्र अधिकृत केंद्रानेच जॉबकार्डवर "कॉइल गळते" असं लिहिलं असेल तर दोष आहे हे वेगळं सिद्ध करायची गरज उरत नाही. वाद फक्त कारणाचा राहतो.

व्हॉट्सॲप चालतं. गप्पांची प्रिंट, नंबर दिसेल अशी, आणि भारतीय साक्ष अधिनियम २०२३च्या कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. फोन बदलू नका, मूळ संदेश त्यातच राहू द्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे तेच वाक्य ईमेलवर मागून घ्या.

गाडी टॅक्सी म्हणून नोंदलेली असेल तर "व्यावसायिक हेतू"चा आक्षेप येणार. स्वतः चालवून उदरनिर्वाह करत असाल तर ते पहिल्याच परिच्छेदात लिहा, कायद्याने तेवढी सूट आहे.

---

पंचवटी_एक्सप्रेस

दोष सुरक्षिततेचा असेल, ब्रेक किंवा स्टिअरिंग, तर आरटीओकडे जायचं का? पेठ रोडला चक्कर मारायची तयारी आहे.

---

सातपूरकर (धागाकर्ता)

पेठ रोड नको भाऊ, ऑनलाइन आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०ए आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत. परिवहनच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी तक्रार नोंदवता येते, गाडी सात वर्षांच्या आतली हवी. विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी जमल्या की चौकशी होते आणि सक्तीचं रिकॉल निघू शकतं. तुमचा खर्च यातून लगेच सुटणार नाही, पण त्याच मॉडेलचे बाकीचे मालक असतील तर सगळ्यांनी नोंदवा.

---

नाशिकरोड_४२२१०१

शेवटचं. गुडविल मंजूर झालं तर जुना पार्ट मागायचा का? आणि नव्याला वॉरंटी किती?

---

जॉबकार्ड

पैसे पूर्ण तुम्ही भरलेत तर जुना पार्ट तुमचा, जॉबकार्डवर "जुना पार्ट परत हवा" अशी खूण करा आणि पिशवीतून घरी न्या. कंपनीने खर्च उचलला तर पार्ट कंपनीकडे परत जातो, हट्ट करून उपयोग नाही. उतरवताना समोर उभं राहून पार्ट नंबर, बॅच नंबर आणि गळतीची जागा यांचे फोटो घ्या.

नव्या पार्टची वॉरंटी कंपनीगणिक बदलते, सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत, किमीची अट सोबत. बिलाच्या मागे छापलेली असते. गुडविलच्या पार्टवर काही ठिकाणी ती मिळत नाही, म्हणून मंजुरीच्या ईमेलमध्येच विचारून घ्या. आणि बिल नीट वाचा: २२ सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. एस्टिमेट जुनं असेल तर त्यात २८ लागलेले असतील, नवं काढून घ्या.